बरे न होणाऱ्यांचा कैवार

आजारपणावरचे जे लेखन आपल्या समाजात आवडीने वाचले जाते, त्याचा शेवट बहुधा ठरलेला असतो. गाठ सापडते, घर हादरते, शस्त्रक्रिया होते, केस गळतात, नवस बोलले जातात, आणि अखेरच्या पानावर नायिका माउंट मेरीच्या पायऱ्यांवर मेणबत्ती घेऊन उभी राहते. दुसरा प्रकार मरणोत्तर स्मरणिकेचा. तेथे नवरा किंवा मुलगी लिहिते, चौकटीत फोटो असतो, आणि 'तिने अखेरपर्यंत झुंज दिली' हे वाक्य कोठे ना कोठे येतेच. ह्या दोन प्रकारांच्या मधला मोठा प्रदेश ओसाड पडलेला आहे. जी स्त्री बरी होणार नाही, पण आज मरतही नाही; जी दर तीन आठवड्यांनी इस्पितळात जाते आणि मधल्या दिवसांत मुलांचे डबे भरते, नोकरी करते, रविवारी मिस्सेला येऊन नेहमीच्या बाकावर बसते; तिचे साहित्य कोठे आहे? हा प्रश्न मनात धरून आम्ही काही वर्षे वाचन करीत आलो. त्या वाचनापैकी दोन पुस्तकांचा विचार येथे मुख्यतः करावयाचा आहे : ऑड्री लॉर्ड ह्यांचे 'अ बर्स्ट ऑफ लाइट' (१९८८) आणि नीना रिग्ज ह्यांचे 'द ब्राइट अवर' (२०१७). दोघीही अमेरिकन. ज्या आजाराविषयी त्या लिहितात त्यानेच दोघी गेल्या.

आधी त्या आजाराविषयी चार शब्द. स्तनाचा कर्करोग स्तनापुरता असतो तोवर त्याचा बंदोबस्त बहुधा करता येतो. तो तेथून निघून हाडांत, यकृतात, फुप्फुसांत किंवा मेंदूत जाऊन वसला की वैद्यक त्याला मेटास्टॅटिक म्हणते. आपल्या घरांतून 'चौथी स्टेज' म्हणतात. यकृतात सापडला तरी तो स्तनाचाच कर्करोग असतो. कधी तो पहिल्या तपासणीतच असा पसरलेला आढळतो. कधी पहिला उपचार पार पडून, सगळे विसरून, पाच-दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा परत येतो. औषधे आहेत, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहेत. ती आजाराला आवरून धरतात, कित्येकींना वर्षानुवर्षे जगवतात. परंतु त्याला समूळ घालवणे जवळजवळ कधीच साधत नाही. त्यामुळे उपचाराला शेवटची तारीख नसते. एक औषध चालेनासे झाले की दुसरे. आमच्या धर्मग्रामातील एका बाईंना शेजारणी विचारतात, 'अजून तुझं औषध चालूच का गं?' विचारणारीच्या मनात कुचेष्टा नसते. असा आजार असू शकतो हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

ऑड्री लॉर्ड ह्यांचा जन्म १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. प्राथमिक शिक्षण कॅथलिक शाळांत, सिस्टरांच्या हाताखाली. तेथे काळ्या मुलीच्या वाट्याला काय आले ते त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे, आणि ते वाचणे आपल्याला सुखाचे नाही. पुढे त्या ग्रंथपाल झाल्या, प्राध्यापिका झाल्या, कवयित्री म्हणून नावाजल्या. त्या चर्चपासून दूर गेल्या. त्यांचे खासगी जीवन आणि त्यांची कित्येक मते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरून नाहीत, आणि त्या ते लपवीतही नाहीत. एवढ्यावरून पुस्तक मिटून ठेवावे असे ज्या वाचकांना वाटेल, त्यांना आम्ही इतकेच सुचवू की विहिरीपाशी आलेल्या शोमरोनी स्त्रीचे सारे आयुष्य प्रभूला ठाऊक होते, आणि तरी त्याने पाणी तिच्याकडेच मागितले.

१९७८ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, लॉर्ड ह्यांचा उजवा स्तन काढावा लागला. त्या अनुभवावर 'द कॅन्सर जर्नल्स' हे त्यांचे छोटे पुस्तक १९८० साली आले. त्यातला एक प्रसंग ह्या विषयावरच्या चर्चेत वारंवार सांगितला जातो. शस्त्रक्रियेनंतर त्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा त्यांनी कपड्याखाली कृत्रिम स्तन लावलेला नव्हता. तेथल्या परिचारिकेने त्यांना टोकले : असे आल्याने इथल्या इतर बायकांचा धीर खचतो. लॉर्ड ह्यांनी घरी येऊन विचार केला तो असा. इस्रायलचे सेनापती मोशे दायान डोळ्यावर काळी पट्टी बांधून जगभर हिंडतात. काचेचा डोळा लावून या, आम्हांला बघवत नाही, असे त्यांना कोणी म्हणत नाही. मग स्त्रीनेच आपली जखम लोकांच्या सोयीसाठी का झाकावी? आणि पुढचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. ज्या बायकांनी हे भोगले त्या सगळ्या जर झाकून वावरू लागल्या, तर त्या एकमेकींना ओळखणार कशा?

हे वाचताना आम्हांला संत आगाथा आठवली. तिचा सण ५ फेब्रुवारीला येतो. छळात तिचे स्तन कापले गेले अशी परंपरा आहे, आणि म्हणून स्तनाच्या आजाराने पीडलेल्या स्त्रिया शतकानुशतके तिचा धावा करीत आल्या आहेत. स्पॅनिश चित्रकार सुर्बारान ह्याने सतराव्या शतकात काढलेले तिचे चित्र फ्रान्समध्ये माँपेलिए येथील संग्रहालयात आहे. कापलेले स्तन तिने एका तबकात धरले आहेत. ती ते झाकत नाही, आणि दाखवून दयाही मागत नाही. पवित्र चित्रांची छपाई करणाऱ्यांनी अलीकडे हे तबक गाळून हाती नुसती झावळी द्यावयास सुरुवात केली आहे असे आमच्या पाहण्यात येते. त्या परिचारिकेसारखाच त्यांचाही हेतू चांगला असावा. परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. रात्री तुरुंगात संत पेत्राने येऊन आगाथाच्या जखमा बऱ्या केल्या. त्यानंतरही तिला मरणच आले. बरे होणे आणि जगणे ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतो. ही जुनी कथा तसे समजत नाही.

१९८४ साली लॉर्ड ह्यांच्या यकृतात गाठ आढळली. स्तनाचाच आजार तेथे पोहोचला होता. येथून 'अ बर्स्ट ऑफ लाइट' ह्या पुस्तकातील प्रमुख निबंध सुरू होतो. निबंध म्हणावयाचा, पण ती आहे रोजनिशी. जानेवारी १९८४ पासून ऑगस्ट १९८७ पर्यंतच्या तारीखवार नोंदी. आमच्या मते ह्या लेखनाचे खरे सामर्थ्य त्याच्या ह्या घाटात आहे. आत्मकथा लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. त्या शेवटाकडे पाहूनच तो आधीची पाने मांडतो. साक्ष देणाऱ्याचेही तसेच. रोजनिशी लिहिणाऱ्याला पुढचे पान माहीत नसते. ज्या आजाराला शेवटची तारीख नाही त्याला हाच घाट शोभतो. एका नोंदीत लेखिका खचलेली असते. चार दिवसांनी ती बर्लिनच्या विद्यापीठात शिकवीत असते, तेथल्या कृष्णवर्णीय जर्मन तरुणींना एकत्र आणीत असते. मग पुन्हा वजन घटते, जेवण जात नाही. मग ऑस्ट्रेलियातले लेखिकांचे संमेलन. मग दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांसाठी पैसा उभा करण्याची धडपड. ह्या नोंदींना चढत जाणारा आलेख नाही, उतरत जाणाराही नाही. स्तोत्रसंहिता सलग वाचणाऱ्या भाविकाला हा अनुभव परका वाटू नये. तेथेही उद्याच्या स्तोत्राला कालच्या स्तोत्राचे समाधान बांधून ठेवीत नाही. मान्नाही एका दिवसापुरताच गोळा करावयाचा होता.

ह्या नोंदींत आजार आणि बाकीचे आयुष्य ह्यांची वाटणी केलेली नाही. वंशद्वेषाविरुद्ध बोलणे, मुलांची काळजी, कविता आणि यकृताची तपासणी हे सगळे एकाच पानावर येते. आजारी माणसाला आपण एका खोलीत बसवतो आणि त्याने आता फक्त आजारी असावे अशी अपेक्षा करतो. लॉर्ड ही अपेक्षा झिडकारतात. वेळ थोडा आहे, म्हणून स्वतःला जपायचे. आणि जपायचे ते काम करण्यासाठी. काटकसरी गृहिणी तेलाची बरणी जशी वापरते तशी त्या आपली शक्ती वापरतात.

तरीही हे पुस्तक निर्दोष नाही. प्रवासाच्या नोंदींत नावांची आणि सभांची गर्दी होते. घोषणांची भाषा जेथे येते तेथे कवयित्री मागे सरते आणि वाचक पाने उलटू लागतो. दुसरा दोष गंभीर आहे. यकृतातील गाठीची बायोप्सी करण्यास लॉर्ड ह्यांनी नकार दिला. डॉक्टरने त्यांना लहान मुलीसारखे दटावले, आणि त्या दटावणीचे चित्र त्यांनी फार नेमके रेखाटले आहे. पण त्या रागातून त्या युरोपात बांडगुळाच्या अर्काच्या इंजेक्शनांकडे वळल्या. त्या अर्काने कर्करोग आटोक्यात येतो ह्याला शास्त्राचा भरवसा देण्याजोगा आधार नाही. आपल्याकडेही मुळ्या-पाला देणारे आणि बाटलीतून काढे विकणारे आहेत, आणि डॉक्टरांच्या तुसडेपणाला कंटाळलेली माणसेच त्यांच्या दारी जातात. तेव्हा ह्या पुस्तकाकडे औषधाचे पुस्तक म्हणून कोणी पाहू नये. रुग्णाशी कसे बोलू नये हे शिकण्यासाठी मात्र आमच्या सेमिनरीत आणि परिचारिकांच्या शाळांत ते अवश्य वाचले जावे.

आता भाषेचा प्रश्न. सुसान सॉन्टॅग ह्यांचे 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. १९७५ पासून त्या स्वतः ह्याच आजारावर उपचार घेत होत्या. पुस्तकात मात्र त्याचा उल्लेख नाही. त्यांचे प्रतिपादन असे की क्षय आणि कर्करोग ह्यांच्याभोवती समाजाने रूपकांचे जाळे विणले आहे, त्यात युद्धाचे रूपक सर्वांत जाचक आहे, आणि आजाराकडे निव्वळ आजार म्हणून पाहणे हेच आरोग्यदायी. पहिला भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे. आपली वर्तमानपत्रे उघडावीत. 'कर्करोगाशी झुंज अपयशी', 'कर्करोगावर मात'. जी गेली ती हरली, आणि हरली म्हणजे कोठेतरी कमी पडली, असा हिशेब त्या दोन शब्दांत आपोआप मांडला जातो. आईच्या शवपेटीपाशी उभ्या असलेल्या मुलाने हा हिशेब का ऐकावा?

दुसऱ्या भागाशी आमचा मतभेद आहे. रूपकाशिवाय दुःखाविषयी बोलणे माणसाला जमत नाही. ख्रिस्ती माणसाला तर नाहीच, कारण त्याच्या गळ्यातच एक रूपक लटकलेले असते. शिवाय लॉर्ड स्वतः युद्धाची भाषा वापरतात. एक स्तन असलेल्या योद्ध्या स्त्रियांची आफ्रिकेतील दंतकथा त्यांना बळ देते. येथे विरोध दिसला तरी तो खरा नाही. लॉर्ड ह्यांनी ते रूपक स्वतः निवडले; वर्तमानपत्राने मेलेल्या बाईवर ते लादले. 'हा तुझा क्रूस आहे' हे वाक्यही असेच. आजारी माणूस स्वतः म्हणतो तेव्हा ती प्रार्थना असते. भेटीस आलेला पाहुणा चहा पिता पिता म्हणतो तेव्हा ते दार लावून घेणे असते. ईयोबाच्या मित्रांची सगळी सुभाषिते धर्मशास्त्रदृष्ट्या सुबक होती. परमेश्वराने शेवटी त्यांनाच दोष दिला.

ह्या आजाराला साजेसे रूपक शोधावयाचे झाले तर ते संत पौलापाशी आहे असे आम्हांला वाटते. त्याच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. मिळाले ते एवढेच आश्वासन, की तुला पुरेल इतकी कृपा आहे. काटा नेमका कसला, ह्यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आमच्या दृष्टीने त्याचे नाव न कळणे हेच बरे. पौल तो काटा घेऊनच गावोगाव हिंडला, तंबू शिवले, पत्रे लिहिली. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने विनवणी सांगितली आहे आणि नकारही सांगितला आहे. आपल्या रिट्रीटमधून दिल्या जाणाऱ्या साक्षींत हा दुसरा भाग ऐकू येत नाही. चमत्कार होतात ही आमची श्रद्धा आहे. पण ज्या सभागृहात फक्त काटा निघालेल्यांनाच ध्वनिक्षेपक मिळतो, तेथे पौलाला बोलता आले नसते.

अमेरिकेत हीच गोष्ट निराळ्या वेषात घडली. लेखिका बार्बरा एरनराइक ह्यांना २००० साली स्तनाचा कर्करोग झाला. त्यांना शुभेच्छा म्हणून काय मिळाले? खेळण्यातली अस्वले, गुलाबी फिती, आणि आनंदी राहा असा आग्रह. 'हार्पर्स' मासिकात २००१ साली त्यांनी ह्या सक्तीच्या आनंदावर घणाघाती निबंध लिहिला. त्यातला उपरोध कधी कधी फार बोचरा होतो, आणि भेटवस्तू देणाऱ्या साध्या माणसांचा थोडा अन्यायही करतो. तथापि गुलाबी फितीचा इतिहास पाहिला की त्यांचा राग समजतो. शार्लट हेली नावाच्या वृद्ध बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती तयार करीत, आणि सोबतच्या कार्डावर सरकार कर्करोगाच्या प्रतिबंधावर किती थोडा पैसा खर्च करते ते लिहीत. १९९२ साली एका मासिकाने व एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने ती फीत मागितली. धंद्यासाठी देणार नाही, असे बाई म्हणाल्या. मग रंग बदलून गुलाबी करण्यात आला. तक्रार गेली आणि फीत उरली.

नीना रिग्ज ह्यांच्या 'द ब्राइट अवर'मध्ये अशी तक्रार फारशी नाही. अडतीस-एकोणचाळीस वर्षांची आई, शाळेत जाणारे दोन मुलगे, वकील नवरा. आणि त्याच काळात रक्ताच्या कर्करोगाने जाणारी स्वतःची आई. हे पुस्तक घरातले आहे. पसरलेल्या आजाराची बातमी कळल्यानंतर रिग्ज सोफा शोधत बसतात, ह्या प्रकरणाइतके खरे लेखन आम्ही ह्या विषयावर दुसरे वाचलेले नाही. दुकानामागून दुकान, कापडाचे नमुने, उशांची मऊ-कडक पारख. वाचक आधी हसतो. मग हळूच ध्यानात येते की ही बाई आपण नसू तेव्हा आपली मुले कशावर बसतील ते निवडते आहे. कोठेही 'माझ्या मृत्यूनंतर' असा गहिवर नाही. वसईतल्या किंवा अलिबागच्या आयांना ही गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. लेकीसाठी हांड्या-पातेल्यांवर नाव घालून ठेवणाऱ्या आजारी बायका आपण पाहिल्या आहेत.

रिग्ज ह्यांची वाक्ये काही ठिकाणी फार घासूनपुसून ठेवलेली वाटतात. प्रत्येक छोट्या प्रकरणाची अखेर हलकेच चमकावी असा सोस जाणवतो. देवाचे नाव क्वचितच येते. त्यांचे सोबती माँतेन आणि इमर्सन. इमर्सन हे त्यांचे खापरपणजोबांच्याही मागच्या पिढीतले थेट पूर्वज होत. पुस्तक पुरे करून त्या फेब्रुवारी २०१७ मध्ये वारल्या. त्यांच्या पतीने लिहिलेले उत्तरकथन शेवटी आहे. ते वाचताना प्रार्थना नसलेल्या घरातही एकमेकांजवळ जागत बसणे हे प्रार्थनेसारखे असते असे वाटून जाते. धर्मगुरूने हे म्हणावे काय असे कोणी विचारील, आम्ही म्हणतो.

इमर्सन ज्या काँकर्ड गावी राहत तेथेच कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न त्यांचे शेजारी होते. त्यांची धाकटी मुलगी रोझ १८९१ साली कॅथलिक झाली. त्या काळी कर्करोग संसर्गजन्य आहे अशी समजूत होती, आणि असाध्य ठरलेल्या गरीब रुग्णांना कोणी ठेवून घेत नसे. रोझने १८९६ साली न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीत खोल्या भाड्याने घेऊन अशा रुग्णांची शुश्रूषा आरंभली. १९०० साली तिने डॉमिनिकन सिस्टरांचा संघ स्थापला, जो आजही असाध्य कर्करोगाच्या रुग्णांकडून पैसा न घेता त्यांना सांभाळतो. २०२४ साली ख्रिस्तसभेने तिला 'आदरणीय' घोषित केले. आम्ही हे येथे लिहितो ते एवढ्यासाठी, की बरे न होणाऱ्यांची बाजू घेणे ही काही आपण अमेरिकेच्या चळवळींकडून उसनी घेण्याची गोष्ट नव्हे. संत योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला जो शब्द योजला आहे त्याचे मराठीत 'कैवारी' असे भाषांतर झाले आहे. शेजारी उभा राहून आपल्या वतीने बोलणारा, हा त्याचा अर्थ. आपल्याकडेही १९८६ साली वांद्रे येथे, माउंट मेरीजवळ, शांती आवेदना हे भारतातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. ती मरणाची खोली आहे असे समजून कित्येक कुटुंबे तिकडे फिरकत नाहीत. वेदना कमी करणे हे तेथले पहिले काम आहे, हे त्यांना सांगावयास हवे.

कैवार घेण्याचा एक मार्ग अगदी रुक्ष आहे : मोजणे. कर्करोगाच्या नोंदवह्यांत पहिले निदान लिहिले जाते आणि मृत्यू लिहिला जातो. पहिला उपचार होऊन पुढे आजार परतला, ही गोष्ट बहुतेक नोंदवह्यांत येतच नाही. म्हणजे आमच्या वाचनात जो मधला ओसाड प्रदेश आढळला, तोच सरकारी वहीतही आहे. पसरलेल्या आजाराने जगणाऱ्या अमेरिकन स्त्रियांनी ही मागणी लावून धरली, की आम्ही आहोत, आम्हांला मोजा. त्यांच्या खटपटीने २००९ साली तेथील संसदेच्या दोन्ही सभागृहांनी १३ ऑक्टोबर हा दिवस त्यांच्या नावे ठराव करून मान्य केला. एकतीस दिवसांच्या गुलाबी महिन्यातला एक दिवस. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी अप्रत्यक्ष गणिताने अंदाज बांधला तेव्हा त्या देशात अशा दीड लाखाहून अधिक स्त्रिया असाव्यात असे निघाले, आणि त्यांतील चारांपैकी तिघींचा आजार आरंभी लवकर सापडलेला होता. 'वेळेवर दाखवलं नसेल' असे जे आपल्याकडे सहज बोलले जाते, त्याला हा आकडा उत्तर आहे. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात मेंढपाळाच्या प्रेमाविषयी प्रवचने होतात. पण शंभरातले एक कमी आहे हे त्याला कळले, ते त्याने मोजले म्हणून.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००५ ते २०१३ ह्या काळात ३५० स्त्रिया एका अभ्यासात सामील झाल्या. सगळ्यांचा आजार आधीच पसरलेला होता. अशा वेळी स्तनातील मूळ गाठ काढून टाकल्याने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न होता. काहींची गाठ काढली, काहींची काढली नाही. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एका गटाचे मध्यमान आयुष्य १९.२ महिने, दुसऱ्याचे २०.५. गाठ काढल्याने आयुष्य वाढले नव्हते. 'कापून टाका म्हणजे सुटली' असा हट्ट धरणाऱ्या कुटुंबांना आज डॉक्टर जे समजावतात त्यामागे अशा स्त्रियांचा सहभाग आहे. त्यांच्यापैकी कोणी रोजनिशी लिहिली असेल तर ती आपल्यापर्यंत आलेली नाही. आम्ही मात्र त्या कोरड्या कोष्टकालाही ह्या साहित्यात जागा देऊ. आपल्याला उपयोग होणार नाही हे ठाऊक असताना मागून येणाऱ्यांसाठी त्यांनी काहीतरी लिहून ठेवले.

ह्या वाचनाचा आमच्या नित्याच्या कामाशी संबंध आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले की ज्याला 'अंत्याभ्यंग' म्हणत त्याला रुग्णाभ्यंग म्हणणे अधिक योग्य. तो केवळ मरणाच्या दारातील माणसासाठी नाही. १९७२ साली पोप सहावे पॉल ह्यांनी नवा विधी दिला. आजार वाढला तर हा संस्कार पुन्हाही घेता येतो. एवढी वर्षे लोटली, तरी धर्मगुरू तेलाची कुपी घेऊन आला की घरातली माणसे दचकतात आणि म्हातारी रडू लागते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या ह्या आजारासाठीच जणू हा संस्कार घडवलेला आहे. आणि नेमक्या ह्याच रुग्णांना तो शेवटच्या रात्री, शुद्ध हरपल्यावर मिळतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी दुःखावरचे आपले प्रेषितीय पत्र ११ फेब्रुवारी १९८४ रोजी प्रसिद्ध केले. लॉर्ड ह्यांची रोजनिशी त्याच वर्षी सुरू होते. त्या पत्राचा शेवटचा मोठा भाग चांगल्या शोमरोन्याविषयी आहे, आणि दुःख हे पापाची शिक्षाच असते असे नाही हे त्यात ईयोबाच्या आधारे स्पष्ट सांगितले आहे. लॉर्ड ह्यांनी ते पत्र वाचले असते तर त्यांना बरेच खटकले असते. थांबून जखम पाहणाऱ्या माणसाविषयीचा भाग कदाचित खटकला नसता.

ज्या घरात हा आजार आहे त्या घराने आधी रिग्ज वाचावे. इंग्रजी सोपे आहे, आणि कॉलेजात जाणारी मुलगी आईला वाचून दाखवू शकेल. ज्यांना राग येतो आहे आणि राग आला म्हणून आपली श्रद्धा कमी आहे अशी ज्यांना भीती वाटते, त्यांनी लॉर्ड वाचावे, थोडे थोडे, एका वेळी दोन-तीन नोंदी. त्या नोंदी ऑगस्ट १९८७ मध्ये थांबतात. लॉर्ड त्यानंतर पाच वर्षे जगल्या. १९९१ साली न्यूयॉर्क राज्याने त्यांना आपली राजकवी म्हणून नेमले, आणि १७ नोव्हेंबर १९९२ रोजी सेंट क्रॉय बेटावर त्यांचे निधन झाले. ती पाच वर्षे ह्या पुस्तकात नाहीत.